पऱ्हाटीच्या ओळीत तुरीची म्हण

वर्धा जिल्ह्यात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, काही ओळी झाल्या की मध्ये तुरीची ओळ लागते. पेरणीची ही रीत जुनीच. याच दोन पिकांच्या आधाराने दोन भाषांनी एकच गोष्ट सांगून ठेवली आहे. मराठी म्हणते, ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’. हिंदी म्हणते, ‘सूत न कपास, जुलाहों में लट्ठम-लट्ठा’. हाती काहीच आलेले नाही आणि भांडण मात्र पेटले आहे: एकीकडे नवराबायकोत, दुसरीकडे विणकरांत. इंग्रजांच्या देशात कापूस पिकत नाही, मेंढ्या आहेत. म्हणून ‘ग्रेट क्राय अँड लिटल वुल’, ओरडा फार आणि लोकर थोडी, ही जवळपासची म्हण त्यांनी लोकरीवर बेतली.

वर्ध्याच्या माणसाला यातली हिंदी म्हण परकी वाटत नाही. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून इथे आहे, हिंदी विश्वविद्यालयही इथलेच.

शाळेत मात्र म्हण येते ती रिकाम्या जागेत भरायला. अर्थ पाठ करायचा, वाक्यात उपयोग करायचा, दोन गुण घ्यायचे. ज्या कामातून ती निघाली ते काम मुलांनी पाहिलेलेच नसते, आणि कापसाच्या जिल्ह्यात तरी हे होऊ नये.

‘पोलिसांनी परिसर पिंजून काढला’ हे वाक्य वर्तमानपत्रात नेहमीचे. पिंजाऱ्याची तात वाजताना पाहिली की त्याचा जोर कळतो. सरकी काढलेल्या कापसाच्या गाठोळ्या तातीच्या कंपाने उकलत जातात, तंतू तंतूपासून सुटतो, कचरा आपोआप खाली गळतो. एकही गुंतलेला पुंजका उरला तर पिंजण अर्धवट. नुसते ‘शोधले’ म्हटल्याने ही कसोशी कुठून येणार? ‘सूत जुळणे’चेही तसेच. चरख्यावर धागा तुटला तर त्याला गाठ मारत नाहीत. तुटलेले टोक पेळूला टेकवायचे आणि चाक फिरवायचे. पीळ बसताच नवे तंतू जुन्या धाग्यात मिसळून जातात, जोड शोधूनही सापडत नाही. दोन माणसांचे सूत जुळते म्हणजे काय, हे त्या क्षणी बोटांना समजते. (‘सूतोवाच’मधला सूत मात्र वेगळा, तो पुराणे सांगणारा.)

हातांतून शिकण्याचा हा विचार वर्ध्यातच मांडला गेला. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथे शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हस्तोद्योग हे शिक्षणाचे माध्यम असावे, ही नयी तालीमची कल्पना देशापुढे आली. पुढच्याच वर्षी गांधीजींच्या हस्ते इथे खादी-ग्रामोद्योगांचे मगन संग्रहालय उघडले. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेने सातवी-आठवीच्या मुलांना वर्षातून एक दिवस तिथे न्यावे आणि म्हणी-वाक्प्रचारांचा धडा चरख्यासमोर घ्यावा. खर्च फार नाही, मनावर घ्यायला हवे.

दुसरे काम अधिक निकडीचे आहे: बोलींतल्या म्हणी उतरवून घेण्याचे. मॅनवेअरिंग या मिशनऱ्याचा मराठी म्हणींचा संग्रह १८९९ साली ऑक्सफर्डहून निघाला. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ १९४०च्या दशकात आला. प्रमाण मराठीची बरीच पुंजी त्यामुळे वाचली. पण गावोगावच्या वऱ्हाडी बोलण्यातले किती उतरवले गेले? कोलाम आदिवासींच्या कोलामी भाषेचे तर विचारायलाच नको. मरे एमेनो या भाषाभ्यासकाने १९३०च्या दशकात वर्धा भागातली कोलामी टिपून घेतली, १९५५ साली त्यावर पुस्तक काढले. ते इंग्रजीत आहे आणि कॅलिफोर्नियातून निघालेले. कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, मुलाला आपल्या आजीची म्हण आपल्या शाळेच्या वाचनालयात सापडली पाहिजे. तो त्याचा हक्क आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी जोरात असते. बाया ओटीत कापूस जमा करत ओळीने पुढे सरकतात आणि दिवसभर बोलत असतात. मुलांनी सुट्टीत एक वही घेऊन त्यांच्यामागून चालावे. म्हण, सांगणारीचे गाव आणि ती कोणत्या प्रसंगी तोंडात आली, एवढे तीन रकाने आखले तरी पुरे.