थैली सामाईक, तर शिस्तही सामाईक



गळीत हंगाम रंगात आला की आम्हा शेतकी खात्यातल्या मंडळींना काट्यावर, गट ऑफिसात, पारावर एकच प्रश्न ऐकू येतो : "काय साहेब, उतारा का वाढंना?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असते. कुणी मिलला दोष देतो, कुणी लॅबला, कुणी टोळीला. शेजारच्या बांधावरच्या सभासदाला दोष देणारे तर पुष्कळ. स्वतःच्या फडाकडे बोट दाखविणारा मात्र क्वचितच भेटतो.

हल्ली प्रशिक्षण शिबिरांतून 'क्वालिटी मॅनेजमेंट' हा शब्द फार ऐकू येतो. गुणवत्ता व्यवस्थापन असे त्याचे मराठी करतात. शब्द भारदस्त, पण अर्थ साधा आहे. जे द्यायचे ठरले ते, ठरल्या वेळी, ठरल्या प्रतीचे आणि दर वेळी तसेच देता येणे, म्हणजे गुणवत्ता. आणि ते आपोआप घडेल अशी कामाची घडी बसविणे म्हणजे व्यवस्थापन. या विषयावरची पुस्तके जपान-अमेरिकेचे दाखले देतात. त्यात वावगे काही नाही. पण आपल्याच मातीतल्या माणसांनी हे काम मुंबईत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ करून दाखविले आहे. ते म्हणजे मुंबईचे डबेवाले. त्यांच्याकडून आपण काय घ्यावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

डबेवाले मूळचे बहुतेक जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी या भागांतले. म्हणजे शेतकऱ्याचीच पोरं. यांतल्या जुन्नर-आंबेगावात आज ऊसही आहे आणि सहकारी साखर कारखानेही आहेत. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत हा धंदा सुरू केला. पुढे १९५६ मध्ये ट्रस्ट झाला. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा उपनगरांतल्या घरांतून सकाळी भरलेला डबा उचलायचा, लोकलच्या लगेजच्या डब्यातून शहरात न्यायचा, दुपारच्या जेवणाआधी कचेरीतल्या टेबलावर पोचवायचा आणि रिकामा डबा संध्याकाळच्या आत त्याच घरी परत द्यायचा, असे हे काम. २०२० पूर्वी सुमारे पाच हजार माणसे मिळून रोज पावणेदोन ते दोन लाख डबे हलवीत असत. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या 'फोर्ब्स' मासिकाने त्यांच्या अचूकपणाचे कौतुक छापले आणि तेव्हापासून 'सिक्स सिग्मा' हे बिरुद त्यांना चिकटले. दहा लाख खेपांत चुका चारपेक्षाही कमी, असा त्याचा हिशेब आहे. २०१० मध्ये हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने त्यांच्यावर अभ्यास लिहिला.

बिरुदाचे आम्हाला फारसे अप्रूप नाही. मोठमोठ्या मशिनरीशिवाय, थोड्या शाळेवर हे साधते कसे, ते पाहण्यासारखे आहे. पाहिले तर त्यात जादू काही नाही. चार-पाच साध्या रीती आहेत आणि त्या रोज पाळल्या जातात.

पहिली रीत खुणेची. प्रत्येक डब्याच्या झाकणावर रंगाने काही अक्षरे व आकडे असतात. डबा कोणत्या स्टेशनातून निघाला, कोणत्या भागात उतरायचा, तिथे कोणी उचलायचा, कोणती इमारत, कितवा मजला, एवढे सगळे त्या चार खुणांत येते. नरिमन पॉइंटच्या एक्स्प्रेस टॉवर्सच्या बाराव्या मजल्यावर जाणाऱ्या डब्यावर इमारतीची दोन अक्षरे आणि १२ हा आकडा असला की काम झाले. नाव नाही, पत्ता नाही. डबा तीन-चार हातांतून जातो, पण कुणाला कुणाला विचारावे लागत नाही.

आपल्या उसावरही अशीच खूण असते. तोडीची चिठ्ठी म्हणजे दुसरे काय? सभासद नंबर, गट, जात, लागणीची तारीख. आता आपणच आपल्याला विचारू या, ही खूण खरी असते का? तोड लवकर मिळावी म्हणून लागणीची तारीख महिना-दीड महिना मागे लिहिणारे सभासद प्रत्येक गटात आहेत. पाहुण्याचा ऊस आपल्या नावावर घालणारेही आहेत. को ८६०३२ सारख्या जातीची लागण कागदावर १४ महिन्यांची आणि रानात साडेबारा महिन्यांची असेल, तर तो ऊस कच्चाच गव्हाणीत पडणार. डब्यावर चुकीचा मजला लिहिला तर उपाशी राहतो तो गिऱ्हाईक. चिठ्ठीवर चुकीची तारीख लिहिली तर उतारा घटतो, आणि ज्याचा ऊस खरोखर पिकलेला आहे त्याचा मागे राहून वाळतो. तुरे येतात, वजन घटते, पुढच्या खोडव्याला उशीर होतो. एका खोट्या तारखेत दोघांचे नुकसान आहे.

दुसरी रीत, हातात घेतानाच बघून घेण्याची. ठरल्या वेळी डबा तयार नसेल तर डबेवाला थांबून राहत नाही. गाडी कुणासाठी थांबत नाही. वारंवार उशीर करणाऱ्या घराचे काम ते सोडून देतात. पेटीत न बसणारा वेडावाकडा डबा घेत नाहीत. म्हणजे चूक पुढे सरकण्याआधी दारातच अडविली जाते. एक बाई दहा मिनिटे उशीर करते म्हणून बाकीच्या तीस-चाळीस जणांचे जेवण त्यांनी चुकवायचे नाही.

आपल्याकडे नेमके उलटे घडते. वाढे नीट न छाटलेला, पाणकोंब आणि पाचटासकट बांधलेला ऊस फडात कुणी अडवीत नाही, काट्यावर कुणी अडवीत नाही, आणि लॅबचा रिपोर्ट आला की सगळे हळहळतात. लॅब ही फक्त सांगणारी आहे. साखर रानात तयार होते. कारखान्यात ती नुसती बाहेर काढतात. दहा टनांच्या ट्रॉलीत पाच टक्के पाचट गेले तर अर्धा टन पाचट आपण भाड्याने वाहून आणले. त्यात साखरेचा कण नाही. वर ते रस शोषून घेते आणि आपल्या चांगल्या उसाची साखर चिपाडाबरोबर बॉयलरला जाते.

तिसरी रीत वेळेची. लोकल मोठ्या स्टेशनात अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या वर उभी राहत नाही. तेवढ्यात पेट्या चढवायच्या व उतरवायच्या. घाटकोपरचा डबा चर्चगेटला जायचा तर दादरला गाडी बदलणे आले. एक गाडी चुकली तर पुढची साखळी मोडते. म्हणून त्यांच्याकडे घड्याळ हाच साहेब.

ऊस हासुद्धा नाशवंत डबाच आहे. तोडल्या क्षणापासून त्यातले पाणी उडू लागते आणि साखर फुटू लागते. उन्हाळा जसा चढतो तसा हा वेग वाढतो. जळीत उसात तर तो आणखी जास्त. तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा, हे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो आणि सभासद माना डोलावतात. पण आपल्या चिठ्ठीवर तोडीची तारीख असते, तास नसतो. आज पहाटे तोडलेला आणि आज संध्याकाळी तोडलेला ऊस कागदावर सारखाच. जे मोजले जात नाही ते सुधारत नाही. सबब चिठ्ठीवर तोडीचा तास लिहिला जावा आणि ऊस किती तासांनी गव्हाणीत पडला हे प्रत्येक खेपेला नोंदले जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुद्दाम फड पेटवून नंबर पुढे घेण्याच्या प्रकाराला तर गावानेच आळा घातला पाहिजे.

चौथी रीत राखीव माणसाची. डबेवाले वीस-पंचवीस जणांच्या तुकडीने काम करतात. प्रत्येक तुकडीत दोन-तीन माणसे जादा धरलेली असतात. कुणी आजारी पडला, कुणाची सायकल मोडली, तर तो जादा माणूस तिथे लागतो. अडचण येणारच, हे गृहीत धरून केलेली ती सोय आहे. आपल्याकडे ट्रॅक्टर पंक्चर झाला की तोडलेला ऊस रात्रभर बांधावर. ज्या गटांनी एखादे वाहन राखीव धरण्याची पद्धत बसविली, त्यांना हा त्रास कमी होईल.

जपानमध्ये इशिकावा नावाचे गुणवत्तेचे जाणकार होऊन गेले. आपल्या कामाची पुढची पायरी म्हणजे आपला गिऱ्हाईक, असा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. या नजरेने पाहिले तर तोडणाऱ्याचा गिऱ्हाईक गाडीवान, गाडीवानाचा गिऱ्हाईक काटा आणि सभासदाचा गिऱ्हाईक गव्हाण. प्रत्येकाने पुढच्याच्या हातात चांगले द्यावे. एवढे जमले तरी निम्मे काम झाले.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. डबेवाल्यांच्या तुकडीला एक मुकादम असतो. हा शब्द आपल्यालाही परका नाही. तुकडीची कमाई एकत्र होते आणि ती सगळे सारखी वाटून घेतात. कुणी म्हणेल, मग मेहनत करणारा आणि चुकार दोघांना सारखेच? तसे होत नाही, कारण थैली जशी सामाईक तशी शिस्तही त्यांनी सामाईक ठेवली आहे. कामावर पिऊन येणे, टोपी न घालणे, याला दंड आहे. वारंवार चुकणाऱ्याला तुकडीत जागा नाही. हा दंड कुणी बाहेरचा साहेब येऊन करीत नाही. ज्यांचे नुकसान होते तेच करतात.

आपलीही थैली सामाईकच आहे. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी रास्त व किफायतशीर दर, ज्याला आपण एफआरपी म्हणतो, तो १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये ठरविला. उतारा ०.१ टक्का वाढला की टनामागे ३४ रुपये ६० पैसे जास्त. तेवढा घसरला की तितकेच कमी, साडेनऊ टक्क्यांपर्यंत. म्हणजे अर्ध्या टक्क्याला टनामागे १७३ रुपये. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे १७,३०० रुपये. आणि हा उतारा एकेकाच्या उसाचा धरत नाहीत, तो साऱ्या कारखान्याच्या उसाचा धरतात. स्वच्छ, पक्व, ताजा ऊस घालणारी विधवा बहीण आणि पाचटासकट कच्चा ऊस घालणारा गावचा पुढारी, दोघांना दर एकच. एकाच्या बेशिस्तीचा भुर्दंड दुसऱ्याच्या खिशातून जातो. हा अन्याय कारखान्याच्या बाहेरच्या कुणी केलेला नाही. तो सभासदानेच सभासदावर केलेला आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की घाणेरडा व अपक्व ऊस फडातच नाकारण्याचा अधिकार गटाला असावा. त्यासाठी गावातल्याच तीन-चार सभासदांची समिती असावी. तोडीआधी हातातल्या ब्रिक्स मीटरने बुडख्याचा आणि शेंड्याचा रस बघावा. दोन्ही आकडे जवळजवळ आले तर ऊस पक्व. मोठा फरक असेल तर थांबावे. यात नात्यागोत्याचा, गटातटाचा विचार नको. चेअरमनचा फड असो की अर्ध्या एकरवाल्याचा, माप एकच.

आमच्या या म्हणण्याला सभासदांचा एक आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो, आणि तो रास्त आहे. "आम्ही ऊस ताजा आणायचा आणि यार्डात दहा तास उभा करायचा, मग ताजेपणाचा उपयोग काय?" बरोबर आहे. शिस्त एकतर्फी चालत नाही. वाहन यार्डात किती तास थांबले, मिल किती तास व कशामुळे बंद राहिली, कालचा उतारा किती आला, हे आकडे रोज सकाळी काट्यासमोरच्या फळ्यावर खडूने लिहावेत. ज्याला वाचायचे त्याने वाचावे. सभासदाकडून खरी तारीख मागायची तर कारखान्यानेही खरे तास सांगितले पाहिजेत. टोळीने खुशालीसाठी अडवणूक केल्यास तीही त्याच समितीपुढे यावी. ज्या सभासदाची अडवणूक होते त्याच्याकडून स्वच्छ तोडीची अपेक्षा करणे चुकीचे आहे.

गुणवत्ता म्हणजे सगळ्या रोगांवरचा काढा, असाही कुणी समज करून घेऊ नये. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, लोकल बंद झाली, कचेऱ्या ओस पडल्या, आणि इतके अचूक काम करणाऱ्या डबेवाल्यांनाही गावाकडे परतावे लागले. पुढे धंदा सुरू झाला, पण पूर्वीइतकी माणसे परतली नाहीत. पाऊस, बाजारभाव, सरकारी धोरण आपल्या हातात नाही, तसेच ते. पण जे हातात आहे ते तरी नीट करावे. लागणीची तारीख आपल्या हातात आहे. बेणे आपल्या हातात आहे. मोळीतले पाचट आपल्या हातात आहे.

सहकार म्हणजे भागाचा दाखला कपाटात ठेवणे आणि वार्षिक सभेत गोंधळ घालणे नव्हे. दुसऱ्याच्या नुकसानीची लाज वाटणे हाही सहकाराचाच भाग आहे. पुढच्या हंगामाच्या नोंदी आता सुरू होतील. नोंद करताना प्रत्येकाने लागणीची खरी तारीख सांगावी आणि गावच्या समितीसाठी नावे गट ऑफिसात द्यावीत, ही नम्र विनंती.