पबात गाणं ऐकायला जावं का? जावंच!



लेकीकडे शेफिल्डला येऊन दोन महिने झाले, आणि एवढ्या दिवसांत इथे एक ओळही लिहिली नाही. थंडी, नातवाच्या परीक्षा, माझे गुडघे... कारणं काय, सांगावीत तेवढी आहेत. असो. आज लिहायला बसले ती आपल्याच घरच्या मंडळींमुळे.

झालं असं, की लेकीच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक जुना पब आहे. त्याच्या दारावर कागद चिकटवलाय. पुढच्या महिन्याचे चारही गुरुवार, रात्री आठ ते साडेदहा, 'कंट्री आणि रूट्स' संगीत, समोर बसून गाणारे-वाजवणारे कलाकार, तिकीट नाही. शेवटच्या गुरुवारी हौशी मंडळींनीही आपापली वाद्यं घेऊन यावं. माझा नातू पंधरा वर्षांचा आहे, शाळेत व्हायोलिन शिकतो. त्याला त्या शेवटच्या गुरुवारी जायचंय. त्याचे आईबाबा 'बघू' म्हणाले. मी म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर, आणि शेवटच्याच का, चारही गुरुवारी जाऊ. एवढंच मी आपल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर कळवलं, आणि जी काय झुंबड उडाली म्हणता!

वन्संनी लिहिलं, "पब, आणि वर कंट्री!" आता यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे 'कंट्री' म्हटलं की देशी दारूचं दुकानच डोळ्यांसमोर येतं. धाकट्या भावोजींनी 'वहिनी, या वयात?' एवढंच लिहून पुढे चार हसरे चेहरे टाकले. भाचीचा प्रश्न मात्र विचार करण्याजोगा होता : "मावशी, कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या काऊबॉयची गाणी ना? ती इंग्लंडात बसून कसली ऐकायची?" गटावर अंगठ्याने टाइप करून एवढं सगळं सांगणं माझ्याच्याने होणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी पबाचं. हा शब्द 'पब्लिक हाउस' यावरून आलाय, म्हणजे चार लोकांचं घर. दारू मिळते हे खरंच आहे, ते मी कशाला झाकू? पण दुपारी तिथे माझ्याच वयाचे आजी-आजोबा चहा घेत वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात, त्यांच्या पायाशी कुत्री लोळत असतात, रविवारी लेकुरवाळी कुटुंबं जेवायला येतात. 2007 सालापासून इंग्लंडात पबाच्या आत विडी-सिगारेट ओढायला बंदी आहे, त्यामुळे धूर नाही. सोळाच्या आतल्या मुलांना कायद्याने मोठ्या माणसाबरोबर येता येतं, अठरा पूर्ण होईपर्यंत दारू विकत घेता येत नाही. मी लिंबूपाणी घेते. कोणी वर मान करून बघत नाही.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे. सेसिल शार्प नावाचे लंडनचे एक संगीतशिक्षक होते. 1903 साली ते सॉमरसेट परगण्यातल्या हॅम्ब्रिज गावी पाद्री मित्राकडे गेले होते. तिथे बागेतलं गवत कापता कापता माळी काहीतरी गुणगुणत होता. शार्पसाहेबांनी ती चाल वहीत उतरवून घेतली, आणि तिथून त्यांना खेड्यापाड्यांतली गाणी गोळा करण्याचं वेडच लागलं. माळ्याचं नाव जॉन इंग्लंड! कथेत असं नाव घातलं असतं तर 'हे फार झालं' म्हणून मी वहीत लाल शेरा मारला असता, पण नाव खरंच तेच होतं.

पुढे 1916 ते 1918 या काळात, पहिलं महायुद्ध चालू असताना, हे गृहस्थ मॉड कार्पेलीस या सहकारी बाईंना घेऊन अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरांत हिंडले. वय छपन्न, दमा, आणि वाटा डोंगराच्या. तिथल्या ऑलिव्ह डेम कॅम्पबेल या बाईंनी आधीच अशी गाणी जमवली होती, त्यांनीच शार्पना ती दाखवली होती. इंग्लंड-स्कॉटलंडातून कित्येक पिढ्यांपूर्वी गेलेल्या लोकांच्या नातवंडा-पतवंडांच्या तोंडी तीच जुनी गाणी अजून होती. इंग्लंडात जी म्हातार्‍या माणसांना कशीबशी आठवत होती, ती तिथे तरणीताठी पोरं कामं करता करता म्हणत होती. दीड हजारांहून जास्त चाली दोघांनी मिळून लिहून आणल्या.

त्याच डोंगरांच्या पायथ्याशी ब्रिस्टल नावाचं गाव आहे. अर्धं टेनेसी राज्यात, अर्धं व्हर्जिनियात, आणि राज्यांची सीमा मुख्य रस्त्याच्या मधोमध. 1927 च्या जुलै-ऑगस्टमध्ये राल्फ पीअर नावाच्या माणसाने तिथे टोप्यांच्या कंपनीच्या एका इमारतीत ध्वनिमुद्रणाची यंत्रं मांडली आणि आसपासच्या गाणार्‍यांना बोलावलं. रेल्वेत काम केलेला जिमी रॉजर्स आला, कार्टर कुटुंब आलं. कार्टर म्हणजे ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि तिची नात्यातली बहीण मेबेल. या दोघी बहिणी बहिणी आणि जावा जावाही! मेबेल तेव्हा सात-आठ महिन्यांची गरोदर होती. कंट्री संगीताचा इतिहास सांगणारे बहुतेक जण या दोन आठवड्यांपासून सुरुवात करतात.

पण गोष्ट नुसती गोर्‍या माणसांची नाही, आणि हे शार्पसाहेबांच्या वह्यांत फारसं सापडत नाही. त्यांनी गाणी घेतली ती बहुतेक गोर्‍यांकडूनच. ज्या बॅन्जोशिवाय हे संगीत डोळ्यांसमोरच येत नाही, ते वाद्य मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचं. कार्टर डोंगरांत गाणी शोधत हिंडायचा तेव्हा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक बरोबर असायचा आणि चाली लक्षात ठेवायचा. नॅशव्हिलच्या रेडिओवर गाजलेला डीफर्ड बेली हा माउथ ऑर्गनवालाही कृष्णवर्णीय, त्याला 1941 साली काढून टाकलं. 'रूट्स' म्हणजे मुळं. ती अशी एकमेकांत गुंतलेली आहेत.

तेव्हा भाचीबाई, शेफिल्डच्या पबात कोणी कंट्री गातो तेव्हा त्यातली निम्मी गाणी नाही म्हटलं तरी माहेरी आलेली असतात. इथल्या लोकांतही यावरून वाद झालेलेच आहेत बरं का. लंडनमध्ये पबाच्या माडीवर लोकगीतांची मंडळं भरायची, तेव्हा 1960 च्या आसपास इवान मॅकॉल या मोठ्या गायकाच्या मंडळाने नियम केला होता, की ज्याने त्याने आपल्याच भाषेतलं, आपल्याच मुलखाचं गाणं गायचं. इंग्रज पोरांनी अमेरिकी हेल काढायचे नाहीत. मास्तरीण म्हणून मला या नियमामागची कळकळ समजते. त्या धाकाने पोरांनी आपली गाणी शोधली असतील, तो फायदा मान्य. तरी नियम मला पटत नाही. सासरी गेलेली मुलगी तिकडचं बोलणं शिकून परत आली तर तिला दारात अडवायचं का?

खरा मुद्दा माझ्या मते निराळाच आहे. गाणं टिकायला जागा लागते. माझी आई पहाटे जात्यावर बसायची तेव्हा ओव्या गायची. मी चौथीत असताना आमच्या गावात पिठाची गिरणी आली. आईचे हात सुटले, फार बरं झालं, त्यात दुमत नाहीच. पण ओवीही थांबली, कारण ती म्हणायची जागाच उरली नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज वाचायला-ऐकायला तरी मिळतात. हे उपकार लहान नाहीत. पण संध्याकाळी चार बाया कुठे जमून आजही आपापल्या ओव्या म्हणताहेत, अशी जागा आपल्याकडे किती ठिकाणी आहे? भजनाला देऊळ मिळालं, ओवीला काय मिळालं?

इकडे शेती यंत्रावर गेली, गिरण्या बंद पडल्या, आमच्या या शेफिल्डची पोलादाची कित्येक कामं गेली, पण गाण्याला पब मिळाला होता. याचं सगळ्यात ठळक उदाहरण इथेच शेजारी आहे. एकोणिसाव्या शतकात चर्चमध्ये ऑर्गन आले, शिस्तीचे गायनवृंद आले, आणि खेड्यातल्या वादकांची नि त्यांच्या जुन्या नाताळगीतांची चर्चमधून उचलबांगडी झाली. ती गीतं गेली कुठे, तर पबात! डंगवर्थ, वॉरल अशा आसपासच्या गावांत नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळापर्यंत लोक पबात दाटीवाटीने उभे राहून ती गातात. मागच्या खेपेला लेकीने नेलं होतं. एकाच गीताच्या किती चाली असाव्यात! आणि कोणाच्या हातात पुस्तक नाही. देवाच्या घरातून बाहेर काढलेली देवाची गाणी दारूच्या घराने सांभाळली, यावर वन्संनी जरा विचार करावा.

ही जागा मात्र आपोआप टिकत नाही. पूर्वी इंग्लंडात पबात एका वेळी दोघंच कलाकार असतील तर वेगळा परवाना लागत नसे. 2003 च्या कायद्याने ती सवलत काढली, आणि नोव्हेंबर 2005 पासून एकटा माणूस गिटार घेऊन बसला तरी कागदपत्रं लागू लागली. लहान पबवाल्यांना कोण कटकट! पुष्कळ ओरड झाल्यावर 2012 साली नवा कायदा आला. सकाळी आठ ते रात्री अकरा, दोनशे श्रोत्यांपर्यंत, दारूचा परवाना असलेल्या जागेत गाण्यासाठी वेगळी परवानगी नको. 2015 मध्ये दोनशेचे पाचशे झाले. जुन्या पबाशेजारी नवी घरं बांधून मग आवाजाची तक्रार करायची, या प्रकाराला आवर घालायला 2018 मध्ये बांधकामाच्या धोरणातही बदल झाला, की नव्याने येणार्‍याने आवाजाचा बंदोबस्त करायचा. म्हणजे आता सरकारचा फारसा अडसर नाही. अडचण आहे ती माणसांचीच. 2000 साली देशात 60 हजारांच्या आसपास पब होते, आता 45 हजारांच्या आसपास उरलेत. भाडं, वीज, कर सगळंच चढलंय, आणि लोकांना घरी सोफ्यावर बसून सगळं मिळतं.

आमच्या पबवाल्याने लेकीला सांगितलं ते असं : हे चार गुरुवार करून बघणार, खुर्च्या भरल्या तर पुढे चालू, नाहीतर त्या कोपर्‍यात फुटबॉलसाठी मोठा टीव्ही. तो कोपरा मी पाहिलाय. चार माणसं नि एक डबलबास, एवढीच जागा आहे.

म्हणून इथे राहणार्‍या आपल्या लोकांना मला दोन शब्द ऐकवायचेच आहेत. मुंबईहून सिनेमाचे गायक आले की तुम्ही शंभर-शंभर पौंडांची तिकिटं काढून तीन तास गाडी हाकत जाता. त्या गायकाच्या चेहर्‍याऐवजी पडद्यावरचा चेहरा बघून येता! आणि घराजवळ, हात लांब केला तर वाद्याला लागेल इतक्या अंतरावर कोणी गातोय, तिथे पाऊल टाकत नाही. वर म्हणता, इथल्या लोकांत मिसळायला मिळत नाही. कुठे मिसळणार, सुपरमार्केटच्या रांगेत?

तिकीट नाही म्हणजे फुकट आहे असंही समजू नका. मध्यंतरात टोपी फिरते, तिच्यात नाणी नव्हे, नोट टाकायची. टोपी आली की नेमकं प्रसाधनगृहाकडे जाणारे महाभाग मी पाहिलेत. काहीतरी विकत घ्यायचं, कारण पबवाल्याचा खर्च त्यातूनच सुटतो. आणि गाणं चालू असताना बोलायचं नाही! ही सवय आपली आहे तशी त्यांचीही आहे. छत्तीस वर्षं वर्गात उभी राहिलेय, मागच्या बाकावरची कुजबुज मला कुठल्याही भाषेत ऐकू येते.

नातवाचं म्हणाल तर तयारी चालू आहे. शाळेतल्या बाईंनी त्याला कागदावरची सुरावट बिनचूक वाजवायला शिकवलंय, हात चांगला बसलाय. पण तिथे कागद नसणार. दुसर्‍याचं ऐकायचं, दोन आवर्तनं गप्प बसायचं, मग हळूच आत शिरायचं. हे त्याला जड जातंय, रोज चिडतो. मी त्याला सांगितलं, भजनात टाळ धरणारा नवखा पोरगा जसा आधी मागे बसतो, तसं पहिले तीन गुरुवार नुसतं बसायचं आणि पायाने ठेका धरायचा. जावई अजून 'बघू'वरच आहेत, पण काल त्यांनीच व्हायोलिनला नवी तार आणून दिली.

राहता राहिला एक प्रश्न. गुरुवारचा माझा उपास असतो. पबात तळलेले बटाटे मिळतात, ते उपासाला चालतात, पण मासे तळलेल्या तेलातच ते तळतात की वेगळ्या, हे उद्या जाऊन विचारून यायचंय.