परिचारिकेचा अधिकार आणि सरकारची बचत

मनोविकारांवरील उपचार म्हणजे डॉक्टर आणि त्याने लिहिलेली चिठ्ठी, अशी समजूत आपल्या पुरोगामी वर्तुळातही पक्की रुजलेली आहे. रुग्णाच्या उशाशी रात्रंदिवस वावरणारी परिचारिका या समजुतीत कोठेच बसत नाही. अमेरिकेत मात्र परिचारिकांमधूनच निदान करणारा, औषधे लिहून देणारा व मानसोपचार करणारा ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा वर्ग उभा राहिला आहे. त्याचा इतिहास समाजवादी कार्यकर्त्यांनी दोन्ही अंगांनी अभ्यासावा असा आहे.

या परंपरेच्या मुळाशी हिल्डगार्ड पेप्लाऊ आहेत. १९०९ साली पेनसिल्व्हेनियातील पोलिश स्थलांतरितांच्या घरात जन्मलेल्या या परिचारिकेने दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये लष्करी मनोरुग्णांची शुश्रूषा केली. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हेच उपचाराचे साधन होय, हा त्यांचा सिद्धान्त. तो मांडणारा ग्रंथ १९४८ सालीच लिहून झाला होता. पण डॉक्टर सहलेखक असल्याखेरीज एका परिचारिकेने असा ग्रंथ लिहावा हे त्या काळी पचण्यासारखे नव्हते, आणि तो प्रसिद्ध व्हायला १९५२ साल उजाडले. (वर्णव्यवस्था केवळ भारतातच असते असे थोडेच आहे!) पुढे रट्गर्स विद्यापीठात त्यांनी मनोरुग्ण-परिचर्येचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. आज नोंदणीकृत परिचारिका पदव्युत्तर शिक्षण घेऊन या पदाला पोहोचते. लक्षणांइतकीच ती रुग्णाची झोप, घर, रोजगार आणि घरची माणसे यांची चौकशी करते, कारण तिची घडण शुश्रूषेत झालेली असते.

आता दुसरे अंग. १९५५ साली अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे साडेपाच लाख माणसे कोंडलेली होती. त्यांना समाजात परत आणून वस्तीजवळच्या केंद्रांत उपचार द्यावेत, असा कायदा केनेडींनी १९६३ साली केला. रुग्णालये रिकामी झाली. केंद्रे मात्र पुरेशी उभी राहिली नाहीत, आणि १९८१ साली रीगन सरकारने केंद्रीय मदतीलाच कात्री लावली. कित्येक रुग्ण पदपथावर आणि तुरुंगात गेले. डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या ठिकाणी ही पोकळी भरून काढण्याचे ओझे परिचारिकांवरही पडले. मोबदल्याचे काय? वृद्धांच्या सरकारी विमायोजनेत १९९७ च्या कायद्याने त्यांच्या सेवेचा दर डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के ठरविला. काम तेच, मोल कमी. भांडवली अर्थकारणाला अशी सोय नेहमीच मानवते.

भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाप्रमाणे निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना राहतात. २०१७ च्या कायद्याने उपचाराचा हक्क दिला, मनोरुग्ण-परिचारिकेची व्याख्याही केली. परंतु पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथील जुन्या मनोरुग्णालयांपासून दूर असलेल्या खेड्यातील रुग्णाला त्या हक्काचा उपयोग काय? तालुक्याच्या रुग्णालयात प्रशिक्षित परिचारिका हवीच, आणि तिला निर्णयाचा अधिकारही हवा. मात्र ती कंत्राटी नसावी, तिच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ असावा, आणि तिच्या नेमणुकीचे निमित्त करून तज्ज्ञाचे पद रिकामे ठेवले जाऊ नये. परिचारिकांच्या संघटनांनी आणि पक्षाच्या जिल्हा शाखांनी ही मागणी एकत्र मांडली नाही, तर सरकार तिच्यातील अधिकार वगळून तेवढी काटकसर उचलील.