विश्लेषण : शाळांत प्रयोगशाळा वाढतील, पण प्रयोग मुलांच्या हाती कधी?

पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभारण्याची घोषणा २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचाही भर ‘करून शिकण्या’वर आहे. मात्र वीज, चुंबक आणि प्रकाश शिकण्यासाठी खरी गरज यंत्रांची आहे की आणखी कशाची?

अटल टिंकरिंग लॅब म्हणजे काय?

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची ही योजना २०१६ पासून सुरू आहे. निवडलेल्या शाळेला एकूण २० लाख रुपये मिळतात. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना येथे इलेक्ट्रॉनिक्स, रोबोटिक्स, थ्रीडी प्रिंटर हाताळता येतात.

कमी खर्चात काय शक्य आहे?

दीड व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि आवरण असलेली तांब्याची तार एवढ्या साहित्यात मोटार फिरते. तारेच्या वेटोळ्याच्या एका टोकावरील आवरण पूर्ण खरवडायचे, दुसऱ्या टोकाचे फक्त अर्ध्या बाजूचे. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर वेटोळे अर्धा फेरा घेऊन उलट ढकलले जाते आणि डुगडुगत राहते. अर्ध्या फेऱ्यात प्रवाह तुटला की ते स्वतःच्या वेगाने पुढे जाते. ‘असे का?’ हा प्रश्न मुलांना तिथेच पडतो. पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून अशी शेकडो खेळणी मुलांपर्यंत नेली. मात्र असे प्रयोग सेलवरच करावेत, घरातील प्लगवर कधीही नाही.

अडचण कुठे आहे?

दहावीच्या पुस्तकात ‘विद्युतधारेचे परिणाम’, ‘प्रकाशाचे अपवर्तन’, ‘भिंगे’ असे धडे आहेत. पण विज्ञानाच्या १०० पैकी ८० गुण लेखी परीक्षेला आहेत. प्रयोग न करताही व्याख्या आणि आकृती पाठ करून बहुतेक गुण मिळवता येत असतील, तर तासिका प्रयोगावर खर्च करण्याचे कारण शाळेला उरत नाही.

पूर्वानुभव काय सांगतो?

मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांत होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. तिथे मुले गटाने प्रयोग करीत आणि निष्कर्ष स्वतः लिहीत. शिक्षकांचे नियमित प्रशिक्षण होई. परीक्षा पुस्तक उघडे ठेवून घेतली जाई आणि प्रात्यक्षिकही असे. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. पण साहित्य, शिक्षक आणि परीक्षा हे तिन्ही एकत्र बदलावे लागतात, हा त्याचा धडा कायम आहे.

पुढे काय?

नव्या प्रयोगशाळांसाठी पैसा येईल. शिक्षकाला तयारीचा वेळ आणि प्रयोगाला परीक्षेत वजन मिळाले नाही, तर तो पैसा कुलूपबंद कपाटात जाईल. पालकांनी शाळेला एकच प्रश्न विचारावा : या महिन्यात माझ्या मुलाने स्वतःच्या हाताने कोणता प्रयोग केला?