सहीपूर्वीचा हक्क

१९ जानेवारी १९५६ रोजी तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदावर पाणी सोडले. आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सीमाभागातील मराठी जनतेला तिच्या इच्छेविरुद्ध म्हैसूर राज्यात कोंबण्यात आले. जनतेला न विचारता तिच्या भवितव्याचे कागद रंगविले गेले म्हणजे काय होते, हे आम्हांला कोणी शिकवावयास नको. मग तीच जनता आपल्या बायकामुलांच्या भवितव्याचे कागद न वाचता सही करून मोकळी होते, याला काय म्हणावे?

विमा हा परस्पर विश्वासाचा करार आहे. मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचे व्यसन, पूर्वीची शस्त्रक्रिया यांपैकी काहीही दडविता कामा नये. एजंट ओळखीचा असतो; तो सर्व प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहून टाकतो आणि विमेदार खाली सही करतो. पुढे दावा नाकारला जातो तेव्हा एजंटाची ओळख कामी येत नाही. पुराव्यादाखल पुढे येते ती मृताची सही! १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ४५ तीन वर्षांनंतर आयुर्विम्याच्या पॉलिसीला कोणत्याही कारणास्तव आव्हान देऊ देत नाही, हे खरे. पण मृत्यू तीन वर्षे थांबण्याचे वचन देत नाही.

कर्तव्याला हक्काची जोड आहे. प्रस्तावपत्राची प्रत विमेदाराला विनामूल्य मिळते. ती ताडून पाहावी. आयुर्विम्याची पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत, अटी न पटल्यास ती परत करता येते. हप्ता चुकल्यास मासिक हप्त्याला १५ व इतर हप्त्यांना ३० दिवसांची सवलत आहे. दावा नाकारला गेला किंवा कंपनीने तक्रारीला महिनाभर उत्तर दिले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे दाद मागावी. तेथे शुल्क नाही, ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा देता येतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. कर्नाटकासाठी हे कार्यालय बंगळुरूस आहे.

आणि भाषेचे काय? आरोग्यविम्याच्या मुख्य अटी सांगणारे माहितीपत्रक विमेदाराने मागितल्यास स्थानिक भाषेत द्यावे, असा नियामक प्राधिकरणाचा दंडक १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. बेळगावात, खानापुरात, निपाणीत मराठी ही स्थानिक भाषा नव्हे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार असेल, तर त्याने ते लेखी करावे! परंतु मागितल्याखेरीज हे पत्रक मराठीत मिळणार नाही. मोर्चात मराठीचा जयघोष करणारा आमचा बांधव विमा कंपनीच्या खिडकीपुढे मुका होतो, हे शोभणारे नाही.

म्हणून सीमावासीयांना आमचे निक्षून सांगणे आहे: आधी मराठीत समजून घ्या, खरे तेच लिहा, मग सही करा, आणि घरातील माणसांना पॉलिसी कोठे ठेवली आहे व वारस म्हणून कोणाचे नाव नोंदविले आहे, ते आजच सांगा.