पाचवा दिवस मुलींनाही हवा

४ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार. दुपारी साडेतीनला भगर निवडायची सोडून मी टीव्हीसमोर! आमच्या हिवरा आश्रमात लाइट टिकली, हेच नशीब. ओव्हलवर इंग्लंडला ३५ धावा हव्या, आपल्याला ४ विकेट. आदल्या दिवशी सिराजने ब्रूकचा झेल घेतला, पण पाय सीमारेषेला लागला आणि ब्रूकने पुढे शतक ठोकलं. बिचाऱ्याला रात्री झोप लागली असेल का? वोक्स तर एक हात गळ्यात बांधून खेळायला आला. शेवटी सिराजनेच ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवला. ६ धावांनी जिंकलो! मी अशी ओरडले की शेजारच्या काकू धावत आल्या.

मैत्रिणींनो, रात्री मनात आलं, हा सामना बायकांचा असता तर? त्यांची कसोटी बहुतेक चारच दिवसांची. चौथ्या संध्याकाळी अंधूक उजेड आणि पावसाने खेळ थांबला होता. म्हणजे तिथेच अनिर्णित. सिराजला चूक भरून काढायला दुसरी सकाळच मिळाली नसती.

आपल्या मुलींना तर चार दिवसही मिळत नव्हते. सांगलीची स्मृती मानधना २०१४ मध्ये कसोटी खेळू लागली. त्या वर्षानंतर पुढची कसोटी थेट २०२१ मध्ये. तरी डिसेंबर २०२३ मध्ये वानखेडेवर त्यांनी ऑस्ट्रेलियाला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. दम नाही म्हणता कसं?

२०२३ मध्येच नॉटिंगहॅमला ॲशेसची महिला कसोटी पाच दिवसांची ठेवली होती. निकाल लागला पाचव्याच दिवशी.