अणू, बल्ब आणि प्रमुख पाहुणे

फेब्रुवारी लागला की गावोगावच्या भिंतींवर विज्ञान उगवते. निळा फलक, मधोमध अणू, डावीकडे पेटलेला बल्ब, उजवीकडे उडालेले रॉकेट आणि खाली ओळीने प्रमुख पाहुण्यांचे हसरे चेहरे. वर अक्षरे : ‘भव्य विज्ञान महोत्सव’! आत काय बघायला मिळणार, किती वाजता, पोरांना कशाला हात लावू देणार, याबद्दल अवाक्षर नाही.

मी पडलो बी.कॉम. विज्ञानाशी माझा संबंध पंख्याच्या बटणापुरता. पण जाहिरात म्हणजे गिऱ्हाइकाला माल दाखवणे, एवढे वाणिज्य मला कळते. जत्रेतला ‘मौत का कुआँ’वाला बघा. फाटक्या कापडावर विहीर आणि तिच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल रंगवतो, बस्स! आत काय आहे हे निरक्षरालाही समजते. त्याच्या फलकावर पाहुण्यांचा फोटो नसतो, तरी रांग असते.

बरे, तो अणू तरी ताजा असावा! इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांतून गरगर फिरतात, ही बोर यांची १९१३ सालची कल्पना. १९२६च्या सुमारास शास्त्रज्ञांनीच ती मागे टाकली. पण आपण मुदत उलटलेला हा चेक दरवर्षी महोत्सवाच्या खिडकीवर वटवायला देतोच आहोत.

आणि उत्सव कुणाचा? २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात रामन परिणामाचा शोध लागला. १९८७पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. हे रामन मूळचे आमच्यातलेच बरं का! १९०७ साली सरकारी हिशेबखात्यात चिकटले, दहा वर्षे आकडे जुळवले आणि कचेरीच्या आधी नि नंतर बोबाजारातल्या प्रयोगशाळेत रमले. १९२१ साली विलायतेहून परतताना बोटीवरून त्यांनी समुद्र पाहिला. तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे निळा, हे तयार उत्तर त्यांना पटेना. तिथून सुरू झालेली वाट १९३०च्या नोबेलपर्यंत गेली.

मग फलकावर एवढेच लिहा ना : ‘ओंजळीतले पाणी बिनरंगी, मग समुद्र निळा का? या, करून बघा.’ खाली वार, वेळ, पत्ता. झाली जाहिरात!

“अहो, फोटो नसला तर देणगी कोण देणार?” एक आयोजक म्हणाले. खरे आहे. छापा फोटो, पण आभारपत्रिकेत. भिंत पोरांची आहे. बारा वर्षांच्या मुलीला त्या भिंतीवर शाल-श्रीफळच दिसले, तर विज्ञान ही मोठ्या माणसांच्या सत्काराची बाब आहे, असे समजून ती पुढे जाईल. आणि एकदा पुढे गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही, हे काउंटरवरच्या माणसाला विचारा.

उलट तिने तो प्रश्न वाचला, घरी येऊन बापाला विचारला आणि बापाची बोबडी वळली, तर जाहिरातीचा पैसा न् पैसा वसूल!